फळीवरचा पहिला तांब्या

मागच्या महिन्यात मामेभावानं माझ्याकडं दोन पानं लिहून मागितली. त्याची आता चार हॉटेलं आहेत, पाचवं होतंय. चारी ठिकाणी एक पद्धत आहे. जुनं गिऱ्हाईक पुन्हा आलं की खोलीतल्या टेबलावर त्याच्या नावाची स्टीलची पाण्याची बाटली भरून ठेवलेली असते. नाव छापलेलं नसतं, कोरलेलं असतं. लोकांना त्याचं फार कौतुक. फोटो काढून घरी पाठवतात म्हणे.

"दादा, ही पद्धत तुम्ही सुरू केली," भाऊ म्हणाला. "कशी सुरू केली तेवढं लिहा. छापून खोल्याखोल्यांतनं ठेवतो. उद्घाटनाला दोन शब्द बोला पण."

मी हो म्हणालो. आजवर या विषयावर मी हसून गप्प बसत आलो. आता पंचावन्न ओलांडली, गप्प बसून काय साधायचं होतं ते साधून झालं. तेव्हा लिहितो.

पहिल्यांदा धंद्याचं सांगतो, कारण त्यात मी तयार होतो आणि ते सांगताना मला कुणाची भीती नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा मामांच्या तीन लॉज होत्या. कळंबला बाजाराजवळ, ढोकीला कारखान्याच्या रस्त्यावर आणि उस्मानाबादला स्टँडसमोर. मी कळंबला मॅनेजर. तिन्हीकडं मिळून शंभरेक कायमची गिऱ्हाइकं असतील: खताच्या कंपनीचे एजंट, गळिताच्या हंगामात येणारे फिटर, सरकारी साहेब, भुसार मालाचे व्यापारी. नव्या लॉज निघत होत्या. जुनं माणूस आपल्याकडंच उतरावं म्हणून त्याला काहीतरी जास्तीचं द्यायचं, एवढं मामांनी ठरवलं. काय द्यायचं ते माझ्यावर सोडलं.

मामांचं म्हणणं, जेवणात गोड द्यावं. मी म्हणालो, "मामा, गोड खाऊन माणूस हात धुतो आणि विसरतो. आणि दुसऱ्या दिवशी नाही दिलं तर विचारतो."

"मग तुझं काय म्हणणं?"

"सहा महिने मला नुसतं बघू द्या."

आणि मी बघितलं. गिऱ्हाईक पहिल्यांदा जे मागतं ते बोलायचं म्हणून मागतं. तेच दुसऱ्या फेरीला मागितलं तर ती त्याची गरज. खताचा एजंट आला की आपली खाट स्वतः ओढून भिंतीला लावायचा. तो यायच्या आधीच खाट भिंतीला लागली पाहिजे. एक फिटर चपातीला हात लावायचा नाही. त्याच्या ताटात न सांगता ज्वारीची भाकरी आणि ठेचा. बार्शीचे एक अडते दर आठवड्याला बाजाराला यायचे, त्यांना सकाळच्या पहिल्या एसटीत बसायला जागा हवी असायची. आमचा हमाल गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतनं पंचा टाकायचा. निळ्या काठाचा पंचा दिसला की कंडक्टर म्हणायचे, "ही लॉजवाल्यांची जागा, उठा." अडत्यांना त्या पंच्याचा एवढा अभिमान की गाडीत बसल्यावरही तो तसाच खिडकीत लटकत ठेवायचे.

एकदाच चुकलो. जुन्या माणसांना आंघोळीला दुसरी बादली गरम पाणी चालू केलं. लोक खूश. पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, बादली बंद करावी लागली, आणि तीन चांगली माणसं समोरच्या लॉजला गेली. त्यांना कधीच दुसरी बादली मिळाली नसती तर ती गेली नसती. तेव्हापासून नियम केला, मे महिन्यात देता येणार नाही ते दिवाळीतसुद्धा द्यायचं नाही. आज मामेभाऊ मोठ्या शहरातनं सल्लागार बोलावतो. तो पडद्यावर चित्रं दाखवून जे सांगतो, ते मी कळंबच्या ओट्यावर बसून शिकलो होतो.

आता साहेबांचं.

साहेब बोअर पाडणाऱ्या सरकारी खात्यात होते. महिन्यातनं आठ-दहा दिवस आमच्याकडं असायचे. मूळचे बेंबळीचे. बोलणं कमी, कपडे स्वच्छ, खोलीला कधी बोल लावला नाही. खाटेवर नकाशे पसरून वाकून बसायचे, म्हणून मी त्यांच्या खोलीत एक टेबल टाकलं. दुसऱ्या फेरीला टेबलाच्या कडेनं दगडांची रांग लागली होती.

"हे काय साहेब, घर बांधताय काय?"

हसले. एक तांबूस तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "काळा दगड संपून हा लागला की जरा आशा धरायची, मॅनेजर. लोक देवऋष्याला विचारतात, मी याला विचारतो."

ते बौद्ध होते. रजिस्टरात त्यांनी स्वतःच्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावासकट. मी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. मला त्याचं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

लॉजच्या पडवीत एक मोठा रांजण होता. त्यावर एक पितळी पेला. सगळे त्यातच बुडवून प्यायचे. एका सकाळी अडते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पंचा खांद्यावर.

"मॅनेजर, ते बोअरचे साहेब बेंबळीचे ना?"

"व्हय."

"बेंबळीत कुठं राहतात?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"माझं काय न्हाय. जमाना बदलला, मला कळतं. पण रांजण एकच हाय. बाकीच्यांना कळलं तर तुमचीच पंचाईत. तुमी हुशार हाव, काढा काहीतरी."

तुम्ही हुशार आहात. हे वाक्य मला पुरलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ज्याला चालत नाही त्यानं घरनं पाणी आणावं. अडते तोंडावर तसं ऐकून कुठं गेलेही नसते. पंचा कोण टाकणार होतं? पण मला वाद घालायचा नव्हता, मला तोडगा काढायचा होता. तोडगा काढणं हीच तर माझी करामत.

भांड्याच्या दुकानात जाऊन स्टीलचा एक तांब्या घेतला, वर झाकायला पेला. दुकानदार नाव घालायचं मशीन घेऊन बसला.

"नाव?"

मी साहेबांचं नाव सांगितलं, पुढं 'साहेब' घाल म्हणालो.

"आणि आडनाव?"

"राहू दे."

मशीन टकटक करत चाललं आणि थांबलं. पुढं सगळा तांब्या मोकळा राहिला.

पुढच्या फेरीला साहेब आले तेव्हा टेबलावर, दगडांच्या शेजारी, भरलेला तांब्या होता. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक. तहान लागली की उठून पडवीत यायची तसदी नको. हा तुमचाच. तुम्ही नसाल तेव्हा फळीवर ठेवीन, दुसरं कुणी वापरणार नाही."

त्यांनी नावावरनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"भांड्यावर माझं नाव पहिल्यांदाच आलं," म्हणाले. "घरातली सगळी भांडी आईच्या नावाची. तिला सांगितलं पाहिजे."

माझ्या धंद्यातली सगळ्यात यशस्वी सवलत ही अशी सुरू झाली.

यशस्वी म्हणतो, कारण पंधरा दिवसांत खताच्या एजंटानं फळीवरचा तांब्या पाहिला. "मॅनेजर, मी चार वर्षं येतोय. माझ्या नावाचा कुठाय?" त्याला दिला. मग फिटरला. मामा उस्मानाबादहून आले, फळीकडं बघून खूश. "भाच्या, डोकं लई चालतं तुझं. तिन्ही लॉजवर कर." केलं. शेवटी अडते आले. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी म्हणाले, "सगळ्यांना दिला, आमी काय वाईट केलं?" त्यांच्या तांब्यावर नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव एवढं घालून घेतलं. मशीनवाला दमला.

कळंबच्या फळीवर सव्वीस तांबे झाले. पहिला साहेबांचा. आणि गंमत बघा, सव्वीस माणसं आपापल्या तांब्यातनं प्यायला लागली, तरी पडवीतला रांजण आणि त्यावरचा पितळी पेला तिथंच राहिला. फिरत्या गिऱ्हाइकांना, हमालाला, वाटसरूला लागतोच. अडतेही जाता-येता सवयीनं त्यातच पेला बुडवायचे. साहेब कधीच गेले नाहीत. जायची गरजच मी ठेवली नव्हती.

अशी काही वर्षं गेली. मग पुन्हा एक वाईट साल आलं. टँकर दोन दिवसांआड. मी रांजणाला झाकण आणि झाकणावर दगड ठेवला होता. साहेबांना एका गावाहून दुसऱ्या गावाला ओढाओढ. त्या मे महिन्यात एका दुपारी ते आईला घेऊन आले. तिला कळंबच्या पुढं लेकीकडं जायचं होतं, गाडी चारला होती.

"मॅनेजर, आई बसू दे इथं. मी बोअरच्या मशीनवर जाऊन येतो."

म्हातारी काटक, डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. पडवीच्या बाकावर बसली. समोरच्या बाकावर अडते वाऱ्याला बसले होते. मी साहेबांचा तांब्या खाली काढून तिच्यापुढं ठेवला.

"मावशी, हा साहेबांचा."

"ह्यो व्हय! लई सांगत असतो. म्हनतो, कळंबला माझ्या नावाचं भांडं हाय." तिनं तो दोन्ही हातांत घेतला. वाचता येत नव्हतं तिला. अंगठ्यानं अक्षरं चाचपली. मग फळीकडं बघितलं. उठून जवळ गेली. एक एक तांब्या बघत शेवटापर्यंत गेली आणि परत आली.

"बाबा, ह्या समद्यांची नावं एवढी लांब लांब हायती. माझ्या लेकराचंच एवढुसं कसं?"

"ते... पहिलाच होता ना मावशी. जागेचा अंदाज आला नाही."

तिनं तांब्या फिरवला. मोकळ्या स्टीलवर अंगठा टेकवला.

"हितं तर लई जागा हाय."

अडत्यांनी मान दुसरीकडं वळवली. मी टेबलावरचे कागद सारखे केले. तिनं माझ्याकडं बघितलं, अडत्यांकडं बघितलं, मग रांजणाकडं. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिचं सगळं वय विहिरीच्या कडेला, कुणीतरी वरनं पाणी घालील म्हणून वाट बघण्यात गेलं होतं. वेगळं भांडं म्हणजे काय हे तिला मी शिकवणार होतो काय?

"आन् हे पानी कुनाचं?"

"सगळ्यांचं, मावशी."

"मंग घेते की."

दगड उचलून खाली ठेवला, झाकण काढलं, पितळी पेला बुडवला, आणि बसून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. पेला उपडा करून जागेवर ठेवला. झाकण. झाकणावर दगड. "गार हाय," म्हणाली.

चारच्या आत साहेब आले आणि तिला स्टँडवर घेऊन गेले. ती त्यांना काही बोलली नाही, निदान माझ्यापुढं तरी.

ती वळणाआड गेली आणि अडते उठले.

"रांजण रिकामा करा, मॅनेजर."

"टँकर परवा आहे."

"परवा तर परवा. मी हाय म्हनून गप हाय."

हमाल जेवायला गेला होता. मी त्याची वाट बघितली असती तर कदाचित डोकं थाऱ्यावर आलं असतं. नाही बघितली. मी स्वतः बादलीनं पाणी उपसलं आणि मागच्या निंबाला घातलं. सगळा रांजण. घालताना मनात काय म्हणत होतो तेही सांगतो, कारण मला ते सगळ्यात जास्त टोचतं. मी म्हणत होतो, वाया जात नाही, झाडाला जातंय.

साहेब परत आले. त्यांची खोली मागच्या बाजूला, वाट निंबाखालनं. गावभर भुई तडकलेली आणि इथं चिखल. ते थांबले. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली. खडक तपासताना चोळायचे तशीच.

"काय झालं?"

"रांजण धुतला," मी म्हणालो. हातात बादली होती.

"किती होतं?"

"भरलेला होता."

त्यांनी माती हातावरनं झटकली. "मी आज तीनशे फूट खाली गेलो," म्हणाले. "नुसता फुफाटा निघाला."

खोलीत गेले, नकाशे गुंडाळले. दगड तसेच राहू दिले. तांब्याही. "मशीनजवळ तंबू आहे, तिथं झोपतो," एवढंच बोलले. पुन्हा आमच्या तिन्हीपैकी एकाही लॉजवर त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"बदली झाली काय त्यांची?" मामांनी विचारलं. मी व्हय म्हणालो.

दीड वर्षानं मी बेंबळीला गेलो. पाऊस बरा झाला होता, ज्वारी उभी होती. जायच्या आधी मी माझ्या स्वभावाप्रमाणं एक हुशारी केली होती. तांब्या दुकानात नेऊन मोकळ्या जागेत साहेबांचं आडनाव घालून घेतलं. नवी अक्षरं जुन्यांपेक्षा चकचकीत दिसत होती.

सुट्टीचा दिवस होता, साहेब घरीच होते. साधं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. मी तांब्या पुढं ठेवला. म्हातारीनं तो उचलून अंगठा फिरवला आणि तिला हसू आलं.

"आता घावली व्हय जागा?"

मग मी सगळं सांगितलं. अडत्यांचं बोलणं, दुकान, 'राहू दे' म्हटलेलं आडनाव, रांजण. एवढं लांब मी आयुष्यात बोललो नव्हतो. साहेबांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले,

"मॅनेजर, तांब्याचं मला पहिल्याच दिवशी अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर आपलं नाव असलेलं भांडं समोर दिसतं, माणसाला ते खरं धरावंसं वाटतं."

"माफ करा साहेब."

"हे तुम्ही मला कशाला सांगताय? मला ठाऊक आहे. आईला तुमच्याआधी ठाऊक आहे. त्या फळीवर ज्यांची नावं आहेत, त्यांना सांगा. मामांना सांगा. त्यांना वाटतं तुम्ही मान दिला."

मी मान खाली घातली. सांगतो असं म्हणालो नाही, कारण सांगणार नव्हतो.

म्हातारीनं तांब्या आत नेला, विसळला, भरून आणला, पेला माझ्यापुढं धरला. "घ्या. उन्हातनं आलाव." मी प्यालो. "ठिवून घेते ह्यो," ती म्हणाली. "भांड्याचा काय दोष न्हाय."

अडते गेले. मामा गेले, जाईपर्यंत चारचौघांत माझ्या डोक्याची तारीफ करत होते. फळी गेली, लॉज पाडून हॉटेल झालं, तांब्याची बाटली झाली. साहेब कुठं असतात मला माहीत नाही. मी त्यांचं सांगणं वीस वर्षांहून जास्त टाळलं, आणि टाळता आलं, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं.

परवा ही पानं भावाला वाचून दाखवली. त्यानं पानं माझ्या हातातनं घेतली आणि उलटीपालटी केली.

"दादा, हे खोल्यांत कसं ठेवायचं? गिऱ्हाईक दुखावतं."

"गिऱ्हाईक कशानं दुखावतं," मी म्हणालो, "ते तुझ्या वडिलांना मी शिकवलंय."

"मग निदान त्या रांजणाचं काढू या. तांब्याचं राहू दे."

राहू दे. हाच शब्द मी भांड्याच्या दुकानात उच्चारला होता.

काढायचं काही नाही. छापणार नसशील तर छापू नकोस, हॉटेल तुझं आहे. पण उद्घाटनाला तू मला बोलायला उभं करणार आहेस, पत्रिका वाटून झाल्या आहेत. त्या अडत्यांची नातवंडं पहिल्या ओळीत बसतील, त्यांच्याही नावाच्या बाटल्या आहेत तुझ्याकडं. ही पानं माझ्या खिशात असतील. तिथं उभा राहून मी पहिल्या ओळीपासून वाचणार आहे.